अलेक्सेई साव्रासोव : मॉस्कोचे निसर्गचित्रकार आणि शिक्षक

अलेक्सेई कोंद्रात्येविच साव्रासोव यांचा जन्म १८३० साली मॉस्कोत एका छोट्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. मुलाने धंद्यात लक्ष घालावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा मात्र बारा वर्षांचा असतानाच वादळी समुद्र आणि ज्वालामुखीचे उद्रेक रंगवून फिरत्या विक्रेत्यांना विकू लागला होता. त्याने समुद्र पाहिला नव्हता, ज्वालामुखी तर नाहीच. पण निसर्गचित्र म्हटले की गिऱ्हाइकाला असेच काही अद्भुत हवे असे. पीटर्झबर्गच्या कला अकादमीतही वेगळी स्थिती नव्हती. तिथे ऐतिहासिक आणि धार्मिक चित्रांना पहिला मान होता, आणि निसर्ग रंगवायचाच तर तो इटलीचा, असा प्रघात होता.

१८४४ मध्ये साव्रासोव मॉस्कोच्या कला विद्यालयात दाखल झाले आणि कार्ल राबुस यांच्या निसर्गचित्रणाच्या वर्गात शिकले. १८५४ मध्ये ओरानियेनबाउम परिसरातील चित्रांसाठी त्यांना ‘अकादमिशियन’ ही पदवी मिळाली, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. १८५७ मध्ये राबुस वारले आणि तो वर्ग साव्रासोव यांच्याकडे आला. पुढची सुमारे पंचवीस वर्षे तो त्यांच्याकडेच होता. १८६२ मध्ये त्यांनी लंडनचे जागतिक प्रदर्शन पाहिले आणि स्वित्झर्लंडचा प्रवास केला. आल्प्सच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या अलेक्सांद्र कालाम यांचा प्रभाव या काळातील त्यांच्या कामावर दिसतो. ती चित्रे कौशल्याची आहेत, पण त्यांत साव्रासोव अजून सापडत नाहीत.

१८७०च्या अखेरीस ते शाळेतून रजा घेऊन व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल शहरी गेले. तिथे १८७१च्या फेब्रुवारीत त्यांची तान्ही मुलगी दगावली. त्यानंतर काही आठवड्यांतच ते कोस्त्रोमा प्रांतातल्या मोल्व्हितिनो या खेड्यात चित्रे काढत होते. ‘रूक परतले’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र त्या मुक्कामातून जन्मले.

रूक हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. मध्य रशियातून तो हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि परतला की वसंत आला असे लोक मानतात. चित्रात मळकट, वितळता बर्फ आहे. भूर्जाच्या वाकड्यातिकड्या, किडकिडीत झाडांवर रूक घरटी बांधत आहेत. मागे लाकडी कुंपण, त्यापलीकडे चर्च आणि निमुळत्या शिखराचा घंटामनोरा, आणि शेवटी क्षितिजापर्यंत पसरलेली ओली, सपाट शेते. पर्वत नाही, धबधबा नाही, भग्न राजवाडा नाही. रशियातल्या कोणत्याही गावाच्या कडेला दिसावे असेच सारे. चित्राचा आकारही मोठा नाही, उंची जेमतेम ६२ सेंटिमीटर. तरीही थंडी सरत असल्याची ओलसर हवा त्यात जाणवते, आणि ती पकडणे आल्प्सची शिखरे रंगवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. गावोगावी प्रदर्शने भरवणाऱ्या ‘पेरेद्विझ्निकी’ या चित्रकारमंडळाचे साव्रासोव संस्थापक-सदस्य होते. मंडळाच्या १८७१च्या पहिल्याच प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले. इतरही चांगली निसर्गचित्रे तिथे होती, पण आत्मा आहे तो याच चित्रात, अशा आशयाचे मंडळातलेच चित्रकार इव्हान क्राम्स्कोई यांनी एका पत्रात लिहिले. कलासंग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी ते आपल्या संग्रहासाठी विकत घेतले.

शिक्षक म्हणून साव्रासोव यांची रीत या चित्राशी जुळणारी होती. नामवंतांच्या चित्रांच्या नकला करत बसण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी बाहेर पडावे, असा त्यांचा आग्रह असे. वसंताची चाहूल लागली की ते मुलांना मॉस्कोच्या कडेच्या सोकोल्निकीच्या रानात पाठवत. हात तयार होणे त्यांना पुरेसे वाटत नसे. समोरच्या दृश्याविषयी ओढ नसेल तर चित्र काढूच नये, असे ते सांगत. विद्यार्थी कोन्स्तांतिन कोरोव्हिन यांनी आपल्या आठवणींत या धिप्पाड, मायाळू माणसाचे वर्णन केले आहे. गरीब ज्यू कुटुंबातला इसाक लेवितान हा त्यांचा विशेष लाडका. लेवितानच्या ‘शरदातला दिवस. सोकोल्निकी’ (१८७९) या चित्रात गुरूची शिकवण स्पष्ट दिसते. त्यातली वाटेवरून चालणारी स्त्री मात्र लेखक चेखव यांचे भाऊ निकोलाय यांनी रंगवली आहे.

या काळातच साव्रासोव यांचे स्वतःचे आयुष्य ढासळत होते. दारूचे व्यसन वाढले, पत्नी मुलींना घेऊन निघून गेली, वर्गावरची गैरहजेरी वाढत गेली. १८८२ मध्ये शाळेने त्यांना काढून टाकले आणि वर्ग चित्रकार वासिली पोलेनोव्ह यांच्याकडे गेला. पुढची वर्षे साव्रासोव यांनी भाड्याच्या खोल्या बदलत, ‘रूक’ चित्राच्या आवृत्त्या कवडीमोलाने विकत काढली. बारा वर्षांचा असताना जसे विक्रेत्यांच्या मागणीप्रमाणे रंगवावे लागे, तसेच साठीतही. असे असूनही या काळातली त्यांची काही रेखाटने पाहिली, तर हात पूर्ण गेला नव्हता हे कळते.

२६ सप्टेंबर १८९७ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार) मॉस्कोत गरिबांच्या इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. लेवितानने वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिला आणि रशियन निसर्गचित्रात मातृभूमीविषयीचे भावगर्भ प्रेम साव्रासोव यांच्यापासून सुरू झाले, असे त्यात मांडले. पुढच्याच वर्षी शाळेने निसर्गचित्रणाचा तो वर्ग लेवितानकडे सोपवला. १९०० साली मृत्यू येईपर्यंत त्याने तो चालवला.