संत्र्यांचा हिवाळी वाडा

थंडी आली की झाडे घरात घ्यायची, असे आपल्याकडे कुणाला सांगितले तर तो हसेल. इथे फ्रान्समध्ये मात्र या कामासाठी एका राजाने अख्खी इमारत बांधली!

संस्कृतातले 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेले आणि त्याचे 'ऑरेंज' झाले. झाडही पोचले, पण पॅरिसची थंडी त्याला सोसेना. मग ते लाकडी पेटीत लावायचे आणि हिवाळ्यात आत ओढायचे. हा खर्च बड्यांनाच परवडे, त्यामुळे संत्र्याची झाडे म्हणजे ऐपतीची खूण झाली.

चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फूके याने वो-ल-व्हिकोंतला असाच थाट मांडला. ऑगस्ट १६६१ मध्ये त्याने राजाला मेजवानी दिली आणि सप्टेंबरात अफरातफरीच्या आरोपावरून तो गजाआड झाला. त्याची संत्र्याची झाडे राजाने व्हर्सायला नेली. फूके १६८० साली कैदेतच वारला. (त्याच वर्षी, काही दिवसांच्या अंतराने, रायगडावर शिवाजी महाराज गेले.)

आजची ऑरेंजरी ज्यूल आर्दुआँ-माँसारने १६८४ ते १६८६ या काळात बांधली. मधले दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती चार-पाच मीटर जाड, खिडक्या दुहेरी आणि तोंड दक्षिणेला. जाड दगड ऊब धरून ठेवतो आणि हिवाळ्यातले खालचे ऊन थेट आत शिरते. आम्हा इंजिनिअर लोकांना आवडावा असा साधा हिशोब! पारा पाच ते आठ अंशांच्या आसपास राहतो. एवढ्यात झाड मरत नाही आणि वाढतही नाही, म्हणून पाणी बेताचेच. जास्त ऊब दिली तर अपुऱ्या उजेडात फिकट, लांबट फुटवे येतात.

पेट्यांच्या बाजू उघडता येतात. मुळे छाटून माती बदलता येते. मे महिन्याच्या मध्यावर, ११ ते १३ तारखांचे 'बर्फाचे संत' सरले की झाडे बाहेर येतात.

१७८९ मध्ये राजा व्हर्साय सोडून गेला, तो परतला नाही. झाडांपैकी काही आज दोनशे वर्षांहून जुनी आहेत. म्हणजे तितके हिवाळे कुणा ना कुणा माळ्याने त्यांना वेळेवर आत नेले. एक कडक रात्र विसरली असती, तरी सगळे संपले असते. त्या माळ्यांची नावे कुणाला ठाऊक?

आपला कढीपत्ता संत्र्याच्याच कुळातला. इथल्या मराठी घरांत ऑक्टोबरात त्याची कुंडी आत येते. तिला ऊब मात्र थोडी जास्त लागते!