सांगडीचं कूळ

कोकणात होडी लागते याचं कुणाला नवल वाटत नाही. खाडी, डोंगर आणि मुसळधार पाऊस यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाला वल्हं हातात घ्यावंच लागतं. सोलापूर जिल्ह्याचं तसं नाही. वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उघडी काळी रानं, उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्यांत हरवणाऱ्या नद्या. तरीही पाण्यावर तरंगायची एक जुनी विद्या या मुलखात होती, ती म्हणजे सुक्या भोपळ्यांची सांगड. कडू भोपळे पिकून वाळले की त्यांचं कवच टणक होतं आणि आतली पोकळी पाण्याला दाद देत नाही. असे दोन भोपळे दोरीने जोडून छातीखाली घेतले तर पोहणाऱ्याला आधार मिळतो. पुष्कळसे भोपळे बाजेखाली बांधले तर बाळंतीण किंवा धान्याचं पोतं कोरडं पलीकडे जातं. ही सांगड म्हणजे किनाऱ्यावरच्या होडीची गरीब नक्कल, असं समजणं चूक आहे. तिचं कूळ स्वतंत्र आहे आणि त्याचं मूळ इथल्या नद्यांच्या विचित्र स्वभावात आहे.

भीमा उगम पावते भीमाशंकरला, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा या तिच्या उपनद्याही सह्याद्रीचंच पाणी घेऊन येतात. म्हणून पंढरपूर-मंगळवेढ्याकडे आभाळ कोरडं असताना नदी दुथडी भरून येते. पूर इथला, पण पाऊस दुसरीकडचा. १६९५ पासून सुमारे चार वर्षं औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरी-माचणूरला होती, आणि भीमेच्या पुराने त्या छावणीची मोठी हानी केली. पुढे १८०३च्या युद्धात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने हाच स्वभाव हेरून मराठ्यांशी पावसाळ्यात लढणं फायद्याचं मानलं: नद्या भरल्या की मराठी घोडदळाची चपळाई अडते, आणि आपल्याजवळ वेताच्या गोल होड्या असल्या की आपण पार होतो. साम्राज्यांना जो प्रश्न चार महिने पडायचा, तोच नदीकाठच्या शेतकऱ्यालाही पडत होता. उरलेले आठ महिने मात्र त्याला होडीचा काडीचा उपयोग नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या जहाजांचा उल्लेख आहे; अखंड लाकडं एकत्र बांधून ती केलेली असत. मल्याळममध्ये जोडतराफ्याला चंगाडम म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि ब्राझीलच्या कोळ्यांचा शिडाचा तराफा आजही जंगादा म्हणून ओळखला जातो. मग आपली सांगडही समुद्रावरूनच वर चढली नसेल कशावरून? नाव एका घरचं आहे हे मान्य करायलाच हवं. पण नावाबरोबर वस्तूही आली असं त्यातून ठरत नाही. उलट तोच ग्रंथ दुसरा पुरावा देतो. त्यातली तगर ही व्यापारी पेठ म्हणजे बार्शीच्या पूर्वेचं तेर. पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख पटवली. तगरचा माल गुजरातच्या भडोच बंदराला कसा जात असे? गाड्यांवर लादून, वाटा नसलेल्या मुलखातून. एवढा मोठा व्यापार असूनही माल नदीत उतरलेला दिसत नाही. किनाऱ्यावरचा माणूस पाण्यावरून लांबवर जायचा, देशावरचा माणूस पाणी आडवं आलं तर फक्त ओलांडायचा. हा फरक मला निर्णायक वाटतो.

वस्तूंची घडणही हेच सांगते. कोकणात मोठी झाडं आहेत, म्हणून खोड कोरून होडी होते. ती कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला उलंडी, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेला लाकडी तरंग, बांधतात. तिथे तरंगते ती होडी, आणि उलंडी केवळ तोल राखते. सांगडीत होडीच नाही, आहे ते सगळं तरंगच. जिथे कोरायला खोड मिळत नाही आणि कोरलेली होडी ठेवायला बारमाही पाणी नाही, तिथे परसातल्या वेलावर एका हंगामात तयार होणारं जहाज हेच शहाणपणाचं. गणितही साधं आहे. पाच लिटर आकारमानाचा भोपळा पाण्यात दाबला तर स्वतःचं वजन वजा जाता जवळपास पाच किलोचा भार तोलतो. माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच, म्हणून नाक वर राहायला दोन भोपळे पुरतात. काम झालं की दोरी सोडायची. भोपळे आढ्याला, बाज ओसरीवर. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदी तरून जाण्याच्या वर्णनात तारू, तरांडे, कास हे शब्द सहज येतात. शके १२१२ मधल्या श्रोत्याला ते समजावून सांगावे लागत नव्हते, कारण नदी ओलांडणं हा त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग होता.

ऊस वाढला तसं भोपळ्यांचं काम गुळाच्या काहिलीने उचललं. लोखंडी काहिलीत माणसं बसवून पुरातून नेणं दक्षिण महाराष्ट्रातल्या नदीकाठांना नवं नाही. काहील खरं तर वेताच्या गोल होडीची बहीण, सांगडीची नव्हे. पण घरातली वस्तू चार दिवस नदीला उसनी देण्याची रीत तीच.

ही रीत मोडली भीमेवरच्या उजनी धरणाने. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत आहे, म्हणजे उन्हाळ्यातही विस्तीर्ण पाणी उरतं. या जिल्ह्याला होडी ठेवण्याजोगा मोठा जलाशय मिळाला आणि करमाळा-इंदापूरच्या काठांवरची माणसं होडीने जाऊ-येऊ लागली. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण सांगडीत तरंग माणसाच्या अंगालगत असायचा. होडीत तो पायांखाली गेला, आणि होडी उलटली की तोही जातो. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण बुडाले. जीवरक्षक जाकीट हे तत्त्वाने भोपळ्याचंच रूप आहे, आणि उजनीच्या प्रत्येक धक्क्यावर, होडीत पाय ठेवण्याआधी, ते प्रत्येकाच्या अंगावर बांधलं गेलंच पाहिजे.