डार्विनच्या वाफ्यातली खुजी रोपं

लिनारिया हे इंग्लंडमध्ये बांधाबांधावर माजणारं तण. फुलं पिवळी, साधारण डॉगफ्लॉवरसारखी. केंट परगण्यातल्या डाउन हाउस या आपल्या घराच्या आवारात चार्ल्स डार्विनने त्याचे दोन मोठे वाफे शेजारी शेजारी लावले. बी एकाच झाडाचं होतं. फरक एवढाच, की एका वाफ्यातलं बी त्या झाडाच्या स्वतःच्याच परागावर धरलेलं होतं, तर दुसऱ्यातलं परक्या झाडाच्या परागावर. डार्विनला खरं तर आनुवंशिकतेबद्दलचं काही वेगळंच तपासायचं होतं. पण रोपं वाढली तेव्हा स्वपरागाची पिल्लावळ उघडउघड खुजी आणि मरतुकडी निघाली.

त्याला आधी वाटलं, स्वपरागाचं बी नीट पिकलं नसेल. पुढच्या वर्षी कार्नेशनच्या वाफ्यांतही तेच दिसलं, तेव्हा मात्र तो हात धुऊन मागे लागला.

पुढची पद्धत चिकाटीची होती. फुलांवर कीटक बसू नयेत म्हणून झाडांवर जाळी टाकायची. दोन्ही प्रकारचं बी रुजत घालायचं, एकाच वेळी मोड आलेली जोडी निवडायची आणि एकाच कुंडीत समोरासमोर लावायची. माती तीच, पाणी तेच, ऊनही तेच. गारवेलीच्या जातकुळीतल्या जांभळ्या आयपोमियाच्या त्याने अशा दहा पिढ्या काढल्या. वेल काठ्यांवर चढवून मापले, तेव्हा परपरागाचे सरासरी सात फुटांवर गेले होते, स्वपरागाचे साडेपाच फुटांवर थांबले होते. सहाव्या पिढीत मात्र स्वपरागाच्या एका वेलाने आपल्या जोडीदारावर अर्ध्या इंचाने मात केली. डार्विनने त्याचं नाव ठेवलं ‘हीरो’. नियम मोडणाऱ्या रोपाला उपटून न टाकता कौतुकाने नाव देणारा संशोधक विरळाच.

या खटाटोपाला एक घरगुती किनारही होती. 1839 साली डार्विनने एमा वेजवुडशी लग्न केलं. ती त्याची सख्खी मामेबहीण. महाराष्ट्रात मामाची मुलगी करणं अनेक समाजांत रूढ होतं, तसं इंग्लंडच्या सुखवस्तू घराण्यांतही त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. लाडकी ॲनी 1851 मध्ये, दहा वर्षांची असताना. ही आपल्या रक्तातल्या नात्याची फळं तर नव्हेत, ही शंका त्याला कुरतडत राहिली. 1871 च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांची नोंद घ्यावी, असं त्याने खासदार मित्र जॉन लबक याच्यामार्फत सुचवून पाहिलं. संसदेने ते फेटाळलं. माणसांबाबत हवी ती आकडेवारी मिळेना. कुंड्यांतली मात्र हाताशी होती. अकरा वर्षांच्या त्या मोजमापांचं जाडजूड पुस्तक 1876 मध्ये निघालं.

त्यात भर होता उंची, वजन आणि बीजधारणेवर. स्वपरागाच्या झाडाला कीड जास्त लागते का, हा प्रश्न नीट तपासला गेला तो फार पुढे, आणि तोही एका तणावरच. अमेरिकेतली हॉर्सनेटल ही वांग्याची आणि आपल्या रिंगणीची भावकी, अंगभर काटे. तिचं ताजं फूल स्वतःचा पराग सहसा नाकारतं, पण फळं धरलीच नाहीत तर जुनं होत आलेलं फूल तोच पराग पत्करतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा स्वपरागातून वाढलेल्या रोपांवर काम केलं. 2013 च्या सुमारास त्यांना दिसलं, की या रोपांवर काटे कमी येतात आणि अळीने पानं खाल्ल्यावर नवे काटे वाढवण्याची ताकदही घटते. रात्री पानांतून सुटणारे वासही कमी. त्या वासांतले काही पतंगांना दूर ठेवतात, काही अळ्यांच्या शत्रूंना बोलावतात. साहजिकच तंबाखूवरची मोठी अळी ज्याची, त्या पतंगाच्या माद्यांनी अंडी घालायला बहुतेक वेळा हीच रोपं निवडली. रोप दिसू न देता नुसता वास पोचवला, तरीही.

एवढं होऊनही हॉर्सनेटल शेतातून हटत नाही. तिचा जमिनीखालचा पसारा आडवा धावतो आणि नांगराने तुटलेला तुकडाही फुटून वर येतो. त्याला परागाची गरजच नसते.