थिलोनिअस मंक : स्ट्रेट, नो चेसर

अमेरिकन जॅझ पियानोवादक व रचनाकार थिलोनिअस मंक (१० ऑक्टोबर १९१७ – १७ फेब्रुवारी १९८२) यांच्या जीवनावरील माहितीपट. दिग्दर्शन शार्लट झ्वेरिन, प्रदर्शन १९८८, लांबी सुमारे दीड तास. मंक यांच्या एका प्रसिद्ध रचनेचे नाव चित्रपटाला दिले आहे. कार्यकारी निर्माते क्लिंट ईस्टवुड होते.

पूर्वपीठिका : मंक यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातील रॉकी माउंटचा, बालपणापासून वास्तव्य न्यूयॉर्कमध्ये. १९४० च्या दशकात हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ येथे ‘बीबॉप’ ही शैली घडत असताना ते तिथले नियमित पियानोवादक होते. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात त्यांचा वादन-परवाना रद्द झाला आणि शहरातील क्लबांची दारे त्यांना अनेक वर्षे बंद झाली. १९५७ मध्ये ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये जॉन कोल्ट्रेन यांच्या साथीने केलेल्या वादनामुळे त्यांना मान्यता मिळाली. १९६४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले.

निर्मिती : मायकेल व ख्रिश्चन ब्लॅकवुड या बंधूंनी १९६७-६८ मध्ये पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीसाठी मंक यांचे चित्रीकरण केले होते. त्यातील सुमारे १४ तासांची कृष्णधवल फीत निर्माते ब्रूस रिकर यांच्यामुळे उजेडात आली. ‘गिमी शेल्टर’ या माहितीपटाच्या सहदिग्दर्शक असलेल्या झ्वेरिन यांनी तिला नव्या मुलाखतींची जोड दिली. मंक यांचे साथीदार सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ, व्यवस्थापक हॅरी कोलंबी आणि मुलगा टी. एस. मंक हे त्यात बोलतात. टॉमी फ्लॅनगन व बॅरी हॅरिस दोन पियानोंवर मंक यांच्या रचना वाजवतात.

आशय : क्लबमधील मैफली, कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ आणि युरोपचा दौरा असे चित्रीकरणाचे मुख्य टप्पे आहेत. कॅमेरा पियानोला खेटून असल्याने मंक यांचे तंत्र स्पष्ट दिसते : सपाट ठेवलेली बोटे, बेसूर वाटावेत असे लगतचे स्वर एकदम दाबणे, मध्येच सोडलेली मोकळी जागा आणि ताल धरणारे पाऊल. राउझ यांचे एकलवादन चालू असताना ते पियानोवरून उठून स्वतःभोवती गिरक्या घेतात. पत्नी नेली त्यांची सर्व व्यवस्था पाहते. मंक यांच्या मानसिक आजाराविषयी मुलगा संयमाने बोलतो. वडिलांच्या नजरेत कधीकधी आपली ओळख नसे, हे तो सांगतो. चित्रपट मात्र आजाराला रोगाचे नाव चिकटवत नाही आणि प्रतिभेचे मूळही त्यात शोधत नाही. अखेरची वर्षे मंक यांनी पियानोपासून दूर, स्नेही पॅनोनिका द कोनिग्सवार्टर यांच्या न्यू जर्सीतील घरी काढली.

मूल्यमापन : विक्षिप्त कलावंताची दंतकथा मंक यांना आयुष्यभर चिकटली होती. हा माहितीपट तिला उत्तर देतो ते युक्तिवादाने नव्हे, तर वादनाला दिलेल्या वेळाने : तऱ्हेवाईक भासणाऱ्या हातांमागची अचूक लय प्रेक्षकाला स्वतः ऐकता येते. राउझ आणि पॅनोनिका या दोघांचेही ३० नोव्हेंबर १९८८ रोजी निधन झाल्याने मंक यांच्या निकटवर्तीयांच्या आठवणी वेळीच नोंदवणारा हा दस्तऐवज अधिकच मोलाचा ठरला. मंक यांना २००६ मध्ये मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. अमेरिकेच्या ‘नॅशनल फिल्म रजिस्ट्री’त २०१७ मध्ये, मंक यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, या चित्रपटाचा समावेश झाला.