गिटहबचं लांबलेलं स्थलांतर

प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब २००८मध्ये सुरू झालं तेव्हा रूबी ऑन रेल्सचा बोलबाला होता. बेसकॅम्प हे प्रकल्प सांभाळायचं सॉफ्टवेअर उभारताना डेव्हिड हाइनेमायर हॅन्सनने घडवलेलं हे फ्रेमवर्क २००४मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं होतं. चार माणसांनी झटपट वेबसाइट उभी करायची, तर रेल्सच घ्यायचं, असा तो काळ.

गिटहबने रेल्स २ घेतलं, त्यात सोयीचे फेरफार केले आणि आपली वेगळी प्रत सांभाळायला घेतली. घोडं अडलं ते इथेच.

डिसेंबर २००८मध्ये रेल्स आणि मर्ब या दोन प्रतिस्पर्धी फ्रेमवर्कनी हातमिळवणी केली. त्यातून ऑगस्ट २०१०मध्ये रेल्स ३ आलं, ते आतून बाहेरून बदलूनच. डेटाबेसमधून नोंदी काढायला ‘फाइंड’ला अटींची यादी द्यायची जुनी रीत मागे पडली, ‘व्हेअर’ची साखळी आली. पानावर छापला जाणारा मजकूर आता आपोआप एस्केप होऊ लागला, म्हणजे त्यातले टॅग साधी अक्षरं म्हणून छापले जाऊ लागले. सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तमच, पण एचटीएमएल तयार करणारी जुनी फंक्शन्स तपासली नाहीत, तर वाचकाला ठळक अक्षरांऐवजी कंसातले टॅगच दिसायचे! अशा जागा एकेक करून हुडकाव्या लागत. त्यात गिटहबच्या प्रतीला घरची ठिगळं. ग्राहक नव्या सोयी मागत असताना वरून काहीच न दिसणाऱ्या या कामाला वेळ कोण देणार? रेल्स ३ गाठायला २०१४ उजाडलं. तोवर रेल्स ४ येऊन गेलं होतं.

पुढचा टप्पा ३.२ ते ५.२. या वेळी काम शिस्तीत झालं. कोड एकच, पण लायब्ररींच्या याद्या दोन: एक चालू रेल्सची, एक पुढच्या आवृत्तीची. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं की तोच कोड नव्या आवृत्तीवर उठायचा. आधी टेस्ट दोन्हीकडे पास करायच्या, मग वर्दळ कमी असताना थोड्या सर्व्हरवर नवी आवृत्ती सोडायची, काही बिघडलं की मागे घ्यायची. ४.२पर्यंत पोहोचायला वर्ष गेलं, तिथून ५.२ मात्र पाच महिन्यांत. साचलेलं काम एकदा उपसलं की वेग येतो, तो असा.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी गिटहब रेल्स ५.२वर आलं. आता तिथे रेल्सचा ताजा, प्रकाशितही न झालेला कोड दर आठवड्याला घेतला जातो.