लातूरची गंजगोलाई आणि ऊर्जाबचतीची वास्तुरचना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ऊर्जेची बचत करणारी इमारत ही सर्वस्वी आधुनिक तंत्रज्ञानाची देणगी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, हैदराबाद येथे २००४ मध्ये उद्घाटन झालेले सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र आणि २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता यांचा उल्लेख या संदर्भात केला जातो. परंतु लातूर-नांदेड परिसरात मिश्र वापराची व्यापारी वास्तू आणि उष्म्यावर मात करणारी बांधणी या दोहोंनाही स्वतःचा इतिहास आहे. त्यातून आजच्या कार्यालयीन इमारतीसाठी काय घ्यावे व काय टाळावे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गंजगोलाई : मिश्र वापराचा आदर्श

निजाम राजवटीत १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि येथील बाजारपेठेस नवे बळ मिळाले. पुढे १९१७ मध्ये गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार वास्तू उभी राहिली. तिच्या आराखड्याचे श्रेय नगररचनाकार फैयाजुद्दीन यांना दिले जाते. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती दुकाने आणि गोलाईस येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा वस्तूंच्या पेठा या रस्त्यांवर विकसित झाल्या. व्यापार आणि उपासना एकाच आवारात आल्यामुळे ग्राहकाची बरीच कामे पायी होऊ लागली. वाहतुकीत वाचणारे इंधन हीदेखील ऊर्जाबचतच होय.

तथापि, हा हेतू रचनाकाराच्या मनात होता असे म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. शिवाय वर्तुळाकार वास्तूची दर्शनी बाजू सर्व दिशांना असते. त्यामुळे तिचा काही भाग पश्चिमेच्या उन्हास सामोरा जातोच. म्हणून गोलाईचा आकार नव्हे, तर तिच्यातील वापराची सांगड अनुकरणीय आहे.

माळवद : गुण आणि शोकांतिका

उष्म्याचा विचार मात्र येथील माळवदाच्या घरांत स्पष्ट दिसतो. जाड दगडी भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ही बांधणी होती. दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास त्यामुळे विलंब लागे व दुपारी घर थंड राही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने या गुणाची दुसरी बाजू दाखविली. मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या, छताचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि सुमारे ८,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर या प्रदेशाचा जड छतावरील विश्वास उडाला. त्याची जागा पत्र्याने आणि सिमेंटच्या स्लॅबने घेतली. सुरक्षितता वाढली, परंतु उन्हात तापणाऱ्या पातळ छताखाली पंखा, कूलर व वातानुकूलन यंत्र अपरिहार्य झाले. सुरक्षितता आणि शीतलता यांची ही फारकत मिटविणे, हाच मराठवाड्यातील वास्तुरचनेपुढील खरा प्रश्न आहे.

आजच्या इमारतीची रचना

लातूर व नांदेड येथे मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. साहजिकच उन्हाळ्यात छत आणि पूर्व-पश्चिम भिंती सर्वाधिक तापतात. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवणे, पश्चिमेस जिना, स्वच्छतागृहे व भांडारखोल्या योजणे, दक्षिणेच्या खिडक्यांवर पुरेसे छज्जे काढणे आणि गच्चीवर उष्णतारोधक थर देऊन पांढरा पृष्ठभाग करणे, हे उपाय अल्पखर्चिक ठरतात. सांगाडा भूकंपरोधक असावा आणि भिंती पोकळ विटांच्या असाव्यात. म्हणजे वजन न वाढविता उष्णता रोखता येते. तळमजल्यावर दुकाने व वर कार्यालये ठेवल्यास गोलाईची परंपराही जपली जाते. याउलट रस्ता पश्चिमेस आहे म्हणून त्या बाजूस संपूर्ण काचेचा दर्शनी भाग उभारणे म्हणजे विजेच्या देयकास निमंत्रणच होय.

येथे पाण्याचाही विचार आवश्यक आहे. कूलरला वीज कमी लागते, पण पाणी सतत लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात केवळ कूलरवर विसंबणारी रचना शहाणपणाची ठरत नाही.

समारोप

ऊर्जा संहितेचा रोख प्रामुख्याने मोठ्या वीजभाराच्या इमारतींवर राहिला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुसंख्य दोन-तीन मजली इमारती तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे येथे कायद्यापेक्षा जाणकार ग्राहकाची भूमिका अधिक महत्त्वाची आहे. आपल्या महाविद्यालयांतही नव्या इमारती उभ्या राहत असतात. त्यांचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी पश्चिमेची भिंत, छत, पाणी आणि भूकंपसुरक्षा या चार बाबींविषयी प्राध्यापकवर्गाने प्रश्न विचारले, तरी गोलाईचा आणि किल्लारीचा इतिहास काही अंशी उपयोगी पडला असे म्हणता येईल.