मॅट्रिकचा दाखला आणि कारागिराचा दाखला

शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हातांत कोणता कागद द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या सुमारें एकशेंचाळीस वर्षांत आपल्या देशांत जे शिक्षण आयोग व ज्या समित्या बसल्या, त्यांतील बहुतेकांना या कागदानेंच चकविलें आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. कागदाची किंमत मला ठाऊक आहे. तो कागद नसता, तर मी फळ्यापुढें उभाच राहिलों नसतों.

सन १८८२ मध्यें विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमण्यांत आला. मॅट्रिक ही परीक्षा मुळांत विद्यापीठाच्या प्रवेशाची. जो मुलगा कॉलेजचें तोंडही पाहणार नाहीं, त्यालाही शाळेंत त्या प्रवेशाचीच तयारी करावी लागे. आयोगानें सुचविलें कीं, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा कराव्या. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार व इतर व्यवहारोपयोगी विषयांची. सूचना शहाणपणाची होती. मुंबई इलाख्यांत पुढें 'स्कूल फायनल' नांवाची निराळी परीक्षा निघाली. ती सरकारी नोकरीस ग्राह्य धरली गेली, म्हणून तिला विद्यार्थीही मिळाले. मात्र त्यांची नजर रंध्याकडे वा भात्याकडे नव्हती, ती कारकुनाच्या खुर्चीकडे होती. साऱ्या देशाचा हिशेब पाहिला, तर १९०१-०२ सालीं मॅट्रिकला सुमारें २३ हजार मुलें बसलीं आणि दुसऱ्या शाखेच्या परीक्षांना दोन हजारही नाहींत. वीस वर्षांच्या खटपटीचें हें फळ!

आईबापांना आपण दोष देतों कीं, त्यांना हातांच्या कामाची लाज वाटते. ही लाज खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. आपल्या समाजांत तिचीं मुळें खोल गेलेलीं आहेत. पण सर्व दोष तिच्या माथीं मारणें मला पटत नाहीं, कारण त्याच काळांत मुंबईंत याच्या उलट एक उदाहरण घडत होतें. लॉर्ड रे हे गव्हर्नर असतांना १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरणीमालक दिनशा पेटिट यांनीं तिला भायखळ्यास इमारत दिली. १९२३ मध्यें ती माटुंग्यास गेली. कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतचीं यंत्रें जाणणारा, तीं बिघडलीं असतां दुरुस्त करून घेणारा माणूस गिरण्यांना हवा होता. तेथील 'एल्. टी. एम्.' ही पदविका घेतलेल्या तरुणाला मॅट्रिकचें पुढें काय, असें कोणी विचारीत नसे. त्याच्या कागदाला गिऱ्हाईक दारांतच उभें होतें. तिकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० मध्यें कलाभवन निघालें. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा कीं, रंगकाम, यांत्रिकी, रसायन हे विषय मुलाला त्याच्या भाषेंत शिकवावे. दादासाहेब फाळके यांच्यासारखा माणूस या संस्थेंत शिकून गेला. लोकांची लाज तेव्हांही होतीच. पण कागदापुढें रस्ता होता.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. १९३७ मध्यें ॲबट व वुड यांनीं साध्या शाळांच्या जोडीला तांत्रिक शाळांची समांतर मालिका सुचविली. १९४४ च्या सार्जंट योजनेनें हायस्कुलांचे विद्याविषयक व तांत्रिक असे दोन प्रकार कल्पिले. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघूं लागल्या, १९६१ मध्यें शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि १९८८ नंतर महाराष्ट्रांत 'किमान कौशल्य' अभ्यासक्रम आले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानें तर आंकडाच बांधून दिला: उच्च माध्यमिक वर्गांतील दहा टक्के मुलें १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावीं. तीं वळलीं नाहींत. १९९२ मध्यें त्याच टक्क्यांना पांच वर्षांची मुदतवाढ मिळाली, एवढेंच.

समांतर हा शब्द भूमितींत निरुपद्रवी आहे. दोन समांतर रेषा कोठेंच मिळत नाहींत, याचें तेथें कोणास दुःख नसतें. मुलाच्या आयुष्यांत मात्र त्याचा अर्थ असा कीं, पंधराव्या वर्षीं जो एका रेषेवर उभा राहिला, त्यानें पंचविसाव्या वर्षींही दुसरीकडे पाऊल टाकूं नये.

येथें माझीही जबाबदारी सांगितली पाहिजे. वर्गांत गणितांत मागें पडणाऱ्या मुलाला मी कित्येकदां सांगितलें, "तूं आपला आय. टी. आय. ला जा." हुशार मुलाला मीं तें कधींच सांगितलें नाहीं. त्यांतला एक वीजतंत्री झाला. काम चोख, पण एका कचेरींत वरच्या जागेसाठीं अर्ज घेऊन गेला, तेव्हां त्याला मॅट्रिकनंतरची इयत्ता विचारण्यांत आली आणि कारागिराचा दाखला तसाच परत मिळाला. संध्याकाळीं तो माझ्याकडे आला. "सर, मीं दोन वर्षें काय केलें, हें या कागदावर लिहिलेलें नाहीं का?" मला उत्तर सुचलें नाहीं.

अलीकडच्या सुधारणांत मला जी खरी वाटते, ती हीच कीं त्या दोन रेषांना जोडणारे पूल बांधण्याचा विचार सुरू झाला. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानें हातांच्या कौशल्यालाही पायऱ्या लावून दिल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें व्यवसायशिक्षण निराळ्या कोपऱ्यांत न ठेवतां सर्वांच्या शिक्षणांत मिसळावें असें म्हटलें. दोन वर्षांची आय. टी. आय. केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची वाटही मोकळी झालेली आहे. जागा थोड्या, आणि शाळेंत ही गोष्ट सांगणारा मास्तर त्याहून थोडा. पण वाट आहे.

त्या वीजतंत्र्याची मुलगी मध्यंतरीं अर्ज भरावयाला माझ्याकडे आली होती. गणितांत ती वर्गांत पहिली. तिनें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचें नांव पहिल्या पसंतीला लिहिलें, आणि मला विचारलें कीं, तेथून तंत्रनिकेतनांत जावयाचें झाल्यास कोणते कागद आतांपासून जपून ठेवावे. या वेळीं मला उत्तर ठाऊक होतें.